लाखोळीचा निळा

क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या आमच्या गावात
मागाव्या लागत नाहीत, पहाटे वेचाव्या लागतात.
गळ्याला रॉकेलचा दोरा, काडी, मग गार पाणी:
टच्‌ करून मान सुटते.
अशा एकशे चौदा, एका खोलीत,
दोन बाटल्यांमध्ये जुन्या वहीचा पुठ्ठा,
कारण नराला नर दिसला की तो कल्ले फुलवतो
आणि दिवसभर फुलवूनच राहतो.

बाबा उंबऱ्यावर बसून विचारतात,
"का नाव म्हने याचं?"
"बेटा."
"अन खाता येत नाही?"
"नाही."
"मंग बरोबर हाये नाव."

आम्ही ढिवर. नवेगावच्या बांधात बाबांनी
चाळीस वर्षं जाळं टाकलं.
माशाचा रंग त्यांना एकाच कामाचा:
कल्ला लाल, म्हणजे ताजा.

मला हवा लाखोळीच्या फुलाचा निळा.
धान कापल्यावर बांधीच्या उरल्या ओलीत फुलते ती,
पौषात, धसकटांच्या मधून,
जांभळ्याकडे निघून वाटेत थांबलेली.
दुकानात निळे पुष्कळ: शाईचा, मोरपंखी,
पत्र्याच्या पेटीचा.
हा नाही.

नागपूरहून पोलादी नर आणला,
एसटीत, मांडीवर, पिशवीचं तोंड मुठीत धरून.
मादी पांढरट, स्वस्तात मिळाली.
शाळेच्या बदामाचं पान घातलं, पाणी कोऱ्या चहासारखं.
तणीस कुजवलं, त्या वासाच्या पाण्यात
डोळ्यांना न दिसणारं पिलांचं जेवण.
नराने बुडबुड्यांचं घरटं केलं,
मादीला कवेत घेऊन पिळलं,
आणि पडलेलं एकेक अंडं तोंडात उचलून
वर नेऊन ठेवलं. दोन दिवस हेच. उपाशी.
पुस्तकला म्हणाली, "पहा, बाप असा रायते."
मी साठचा बल्ब पुसून परत लावला.

पहिली पिढी गढूळ.
दुसरीत भावाला बहीण लावली,
वहीत लिहिताना दार लोटून घेतलं.
पाठीत वाकडे निघाले ते
बाबांच्या माठातल्या मरळीला घातले.
मरळ चांगली वाढली,
सडक अर्जुनीच्या बाजारात दोनशे ऐंशीला गेली.
ते पैसे कुठल्या रकान्यात मांडायचे
अजून ठरत नाही.

तिसरी पिढी, बाटली त्र्याहत्तर.
मी कुणाला सांगितलं नाही.
त्याच आठवड्यात गोंदियाला बाबांचा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली तर म्हणाले, सारं धुतल्यावानी दिसते,
आभाळ लय निळं केलं कोनं तं.
खोलीत आले. बाटल्यांवरून डोळा फिरवत
त्र्याहत्तरपाशी वाकले, काचेला बोट लावलं:
"हा लाखोळीतून आला."

अकरा दिवस.
बाराव्या दिवशी शेपटीच्या बुडाशी तांदळाएवढं पांढरं.
मग पोट. मग एक पंख अर्धा.
महिन्याभरात तो आईवर गेला,
फक्त डाव्या कल्ल्यामागे
नखाएवढा निळा राहिला, तोही रोज निराळ्या जागी.
इतवारीचा दुकानदार फोनवर म्हणाला,
"मार्बलचं रक्त हाये, रंग फिरतोच.
फोटो होता ना, तो पाठव."
फोटोत तो कधी आलाच नव्हता.
फोटोत पत्र्याची पेटी आली होती.

मी बाटली फळीच्या मागे सरकवली.
बाबांनी ती पुन्हा पुढे आणली.
"फूल झडलं म्हून कोनी बांधी सोडते का?
बी धर याचं."
आणि बिडी शोधायला गेले, जणू विषय मरळीचा होता.

आज पुठ्ठा काढला.
पलीकडे एकशे दोन, त्याची बहीण,
अंगावर उभ्या पट्ट्या आलेल्या.
दोघं काचेला काच लावून एकमेकांना पाहताहेत.
तणीस भिजत घातलंय.
रात्री लाइन जाणार म्हणतात,
पुस्तकलाने चुलीवर हंडा चढवलाय, न सांगता.